पिता आणि निर्माता : ख्रिस्ती श्रद्धेच्या पहिल्या कलमाचे आचरण
(कोकण व महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे एक विवेचन)

सारांश

ख्रिस्ती श्रद्धांगीकाराच्या पहिल्याच कलमात परमेश्वराला 'पिता' आणि 'निर्माता' अशा दोन नावांनी संबोधलेले आहे. ही दोन नावे केवळ स्तुतीची विशेषणे नसून ती श्रद्धावंतावर दोन वेगवेगळी बंधने घालतात. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांचा अर्थ स्पष्ट करून, सावंतवाडी–गोवा परिसर आणि महाराष्ट्र येथील ख्रिस्ती जीवनात त्या कितपत आचरणात उतरल्या, कोठे उतरल्या नाहीत, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : पितृत्व, निर्मिती, बंधुत्व, जातिभेद, विश्वस्तवृत्ती, मराठी ख्रिस्ती साहित्य.

१. प्रस्तावना

सावंतवाडी शहरात मोती तलाव, राजवाडा, चितारआळी यांच्याबरोबर मिलाग्रीस चर्च ही वास्तूही सर्वांच्या परिचयाची आहे. 'मिलाग्रीस' हा मूळ पोर्तुगीज शब्द असून त्याचा अर्थ 'चमत्कार' असा होतो. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत निर्माण करण्यात आला आणि या चर्चला त्याच्या प्रधान मंदिराचा, म्हणजे कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. या भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. पोर्तुगीज अमलात, विशेषतः १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) स्थापन झाल्यानंतर, अनेक ख्रिस्ती व हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या मुलखात आली. सावंत-भोसल्यांच्या संस्थानात त्यांना शेती करण्यास व आपला धर्म पाळण्यास जागा मिळाली.

या समाजाचे सण, खाद्यपदार्थ, पेहराव, संगीत यांविषयी बरेच लिहिले जाते. परंतु ज्या श्रद्धेवर हे जीवन उभे आहे, तिच्या गाभ्याविषयी बिगरख्रिस्ती अभ्यासकांना फारशी माहिती नसते. समाजशास्त्र, इतिहास वा मराठी साहित्य शिकविणाऱ्या प्राध्यापकांना रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई, फादर स्टीफन्स यांचा उल्लेख वर्गात करावाच लागतो. मात्र त्यांच्या कृतींमागील धर्मविचार बहुधा 'धर्मांतर' या एका शब्दात गुंडाळला जातो. म्हणून या श्रद्धेचे पहिले कलम समजून घेणे आणि त्याचे आचरण म्हणजे नेमके काय हे पाहणे उपयुक्त ठरेल.

२. 'पिता' व 'निर्माता' : दोन संज्ञांचा अर्थ

इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने मांडलेल्या श्रद्धांगीकारात, तसेच 'प्रेषितांचा श्रद्धांगीकार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संहितेत, प्रारंभी एकाच वाक्यात परमेश्वराचे पितृत्व व त्याचे निर्मातेपण सांगितलेले आहे. या दोन संज्ञा एकमेकींच्या जवळ ठेवल्या असल्या तरी त्यांचा रोख भिन्न आहे.

'निर्माता' ही संज्ञा परमेश्वर आणि विश्व यांतील अंतर दाखविते. सावंतवाडीचा चितारी पांगाऱ्याचे लाकूड घेऊन चरकावर खेळणे घडवितो. लाकूड, लाख आणि रंग त्याच्यापूर्वीच अस्तित्वात असतात. तो त्यांना आकार देतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील निर्मितीची कल्पना अशी नाही. परमेश्वराने विश्व शून्यातून निर्माण केले, म्हणजे त्याच्यासमोर आधीपासून पडलेले कोणतेही द्रव्य नव्हते, असे हे शास्त्र मानते. या सिद्धान्तातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विश्वातील कोणतीही वस्तू स्वतः परमेश्वर नाही. दुसरी, कोणतीही वस्तू परमेश्वराला परकी अथवा मूलतः अमंगळ नाही. बायबलमधील 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथात निर्मितीच्या वर्णनात ती चांगली असल्याचा निर्वाळा वारंवार दिला जातो, त्याचे मर्म हेच आहे.

'पिता' ही संज्ञा याच्या उलट जवळीक दाखविते. येशू परमेश्वराला 'अब्बा' असे संबोधीत असे. हा अरामी भाषेतील घरगुती संबोधनाचा शब्द आहे. लूकलिखित शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात या पित्याचे चित्र रेखाटलेले आहे. संपत्तीचा वाटा उधळून, डुकरे राखण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचलेला मुलगा परत येताना दिसतो, तेव्हा म्हातारा बाप घरात वाट पाहत बसत नाही. तो धावत जाऊन त्याला भेटतो. तत्कालीन ज्यू समाजात घरातील कर्त्या पुरुषाने असे धावणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. मात्र हा दृष्टान्त धाकट्या मुलाच्या स्वागतापाशी संपत नाही. थोरला मुलगा त्या स्वागताने रागावतो आणि घरात येण्यास नकार देतो. तो धाकट्याचा उल्लेख 'माझा भाऊ' असा न करता 'तुमचा मुलगा' असा करतो. बापाला बाप म्हणणे त्याला मान्य आहे, भावाला भाऊ म्हणणे मान्य नाही. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. परमेश्वराला पिता मानण्याची कसोटी प्रार्थनेत लागत नाही. कोणाला भावंड मानले जाते येथे ती लागते.

३. मराठी मातीतील पहिली मांडणी : फादर स्टीफन्स

या श्रद्धेची मराठीतील पहिली मोठी मांडणी सावंतवाडीपासून फार दूर नसलेल्या गोव्यातील साष्टी प्रांतात झाली. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी येथेच व्यतीत केली. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

या ग्रंथाची रचना अभ्यसनीय आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी त्यांना काही हवे, अशा मागणीतून ग्रंथ उलगडत जातो. 'पहिले पुराण' विश्वाच्या निर्मितीपासून सुरू होते आणि 'दुसरे पुराण' येशूचे चरित्र सांगते. म्हणजे वाचकाला प्रथम निर्मात्याची आणि नंतर पित्याची ओळख करून दिली जाते. स्टीफन्स यांनी परमेश्वरासाठी 'परमेश्वर', 'देव' हे येथलेच शब्द स्वीकारले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही योजला. विश्वाचा निर्माता जर एकच असेल, तर मराठी भाषाही त्याच्याच निर्मितीचा भाग ठरते आणि त्याची स्तुती करण्यास ती अपात्र ठरू शकत नाही, हे या निवडीमागील तर्कशास्त्र आहे. ग्रंथातील मराठीची प्रशस्ती या दृष्टीने वाचल्यास तिचा धर्मशास्त्रीय अर्थही ध्यानात येतो.

पोर्तुगीज सत्तेला मात्र हा तर्क मानवला नाही. १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले. एकाच पित्याची लेकरे म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनी प्रजेच्या बोलीला घरात जागा नाकारली, हा त्या श्रद्धेच्या इतिहासातील अंतर्विरोध होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना सुरू झाली, तेव्हा मराठी व कोकणीला उपासनेत अधिकृत स्थान मिळाले. कोकणी ख्रिस्ती घरांत परमेश्वराला 'बापा' असे एकेरी, घरगुती हाक मारून संबोधतात. मराठी उपासनेत 'पिता' हा संस्कृत शब्द रूढ आहे. पहिल्यात सलगी, तर दुसऱ्यात आदर अधिक आहे. मूळ 'अब्बा' या शब्दाला 'बापा' हाच अधिक जवळचा आहे.

४. पितृत्वाची कसोटी : भावंडे कोण?

गोवा व सीमेलगतच्या कोकणी ख्रिस्ती घरांत सायंकाळी 'तेर्स' (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर लहानांनी वडीलधाऱ्यांकडून 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद मागण्याची प्रथा आहे. दिवसभरात कितीही रागावणे, मारणे झालेले असो, रात्री बेसांव नाकारला जात नाही. पित्याशी असलेले नाते मुलाच्या वर्तणुकीवर अवलंबून नाही, हा धर्मशास्त्रातील अवघड सिद्धान्त या साध्या कौटुंबिक प्रथेतून मुलांना कळतो. वाड्यावाड्यांतील खुरिसापाशी होणारी सामुदायिक 'लादाईन' हीच जाणीव घराबाहेर, शेजारापर्यंत नेते.

परंतु ही जाणीव कोठे अडते हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गोव्याच्या कॅथलिक समाजात बामण, चारडो, सुदिर असे जातिगट धर्मांतरानंतरही टिकून राहिले. विवाहसंबंध बहुधा या गटांतच जुळत राहिले. चर्चच्या उत्सवांचे मानपान सांभाळणाऱ्या काही बंधुसंघांचे (कॉन्फ्रारियांचे) सभासदत्वही जातीने मर्यादित होते. ज्या संस्थांच्या नावातच 'बंधु' हा शब्द आहे, त्यांनीच बंधुत्वाला कुंपण घालावे, यापेक्षा पहिल्या कलमाचे मोठे उल्लंघन कोणते असू शकेल? उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील थोरला मुलगा येथे पुन्हा भेटतो.

या प्रश्नाला मराठी साहित्यात मिळालेले सर्वांत प्रामाणिक उत्तर लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळते. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, तेथे वडिलांच्या सोवळ्याने सर्वांना जेरीस आणले होते. त्यांचे पती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या तरी सोवळे-ओवळे सुटले नव्हते. ते सुटले ते एका विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसा शरीराचा भेद दिसतो तसा तो माणसांतही दिसला असता. तो दिसत नाही, त्याअर्थी जाती माणसाने केल्या. या निष्कर्षानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला.

हा युक्तिवाद बारकाईने पाहण्याजोगा आहे. येथे लक्ष्मीबाईंनी कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार घेतलेला नाही. परमेश्वर निर्माता आहे या एकाच विधानापासून निघून त्या दुसऱ्याच्या हातच्या पाण्यापर्यंत पोहोचल्या. निर्मातेपणाच्या श्रद्धेतून बंधुत्वाचे आचरण कसे निष्पन्न होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. पुढे 'नकुशी' नावाची पोरकी मुलगी टिळकांच्या घरात आली व घरचीच झाली. जिचे नावच 'नको असलेली' असे होते, तिला घर मिळणे ही पितृत्वाच्या श्रद्धेची कृतीतील व्याख्या म्हणता येईल.

हेच तत्त्व संस्थेच्या पातळीवर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यात दिसते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे 'मुक्ती' ही वसाहत उभी केली. तेथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकविली जात. अनाथ मुलीला केवळ अन्न देणे म्हणजे दया. तिला कामाची व अक्षराची ओळख देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे म्हणजे तिला लेकीचा हक्क देणे. रमाबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीलाही वाचता यावी अशी सोपी मराठी त्यांनी हेतुपूर्वक वापरली. पित्याचे पत्र लेकरांना कळावे, ही यामागील दृष्टी होय.

५. पितृप्रतिमेच्या मर्यादा

परमेश्वराला पिता म्हणण्यात एक धोकाही संभवतो. घरातील बाप जसा असेल तसा परमेश्वर भासतो. ज्या घरात बाप म्हणजे धाक, तेथे परमेश्वरही धाकाचाच वाटतो. शिवाय पितृप्रतिमेचा उपयोग पुरुषसत्तेच्या समर्थनासाठी होऊ शकतो, हा स्त्रीवादी धर्मशास्त्राचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोकणात याला आणखी एक पदर आहे. मुंबईत वा परदेशात नोकरीस असलेला चाकरमानी बाप वर्षातून एकदा गणपतीला वा नाताळाला घरी येतो. एरवी त्याचे अस्तित्व पूर्वी मनीऑर्डरमधून व पत्रांतून जाणवे, आता बँकेच्या खात्यातून व दूरध्वनीवरून जाणवते. असा बाप पुरवठा करतो. सहवास देत नाही. परमेश्वराची कल्पनाही अशीच दूरस्थ पुरवठादाराची होण्याचा संभव येथे अधिक आहे.

ख्रिस्ती परंपरेतच या दोषावर उतारा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वराच्या ममतेची तुलना तान्ह्या बाळाला न विसरणाऱ्या आईशी केलेली आहे. किंबहुना आई एखाद्या वेळी विसरेल, परमेश्वर विसरणार नाही, असा तेथे भाव आहे. मराठी ख्रिस्ती लेखकांना हा मार्ग सहज सापडला, कारण वारकरी परंपरेने विठ्ठलाला 'माउली' आणि 'मायबाप' म्हणण्याची सवय भाषेलाच लावून ठेवली होती. टिळकांच्या भक्तिकाव्यात ख्रिस्त आईच्या रूपात येतो तो याच संस्कारामुळे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनी सेवेतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही स्थान असावे, अशी त्यांची कल्पना होती. पित्याचे घर चर्चच्या नोंदवहीपेक्षा मोठे आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

६. निर्मातेपणाची कसोटी : मालक की विश्वस्त?

पितृत्वाच्या श्रद्धेची कसोटी माणसामाणसांतील नात्यात लागते, तर निर्मातेपणाच्या श्रद्धेची कसोटी जमीन, पाणी व झाडे यांच्याशी असलेल्या नात्यात लागते. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात, निसर्गाच्या आजच्या विध्वंसाची मुळे मानवाला सृष्टीवर सत्ता देणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधली. 'उत्पत्ती' ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात अशा सत्तेचा उल्लेख आहे, हे खरे. मात्र दुसऱ्या अध्यायात मानवाला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवल्याचे म्हटले आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचले असता मानव हा सृष्टीचा मालक न राहता विश्वस्त ठरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच अर्थ अधिकृतपणे मांडला आणि पृथ्वीचे वर्णन सर्वांचे सामायिक घर असे केले.

कोकण-गोव्याच्या ख्रिस्ती जीवनात ही दृष्टी परिपत्रकाच्या कितीतरी आधीपासून आहे. गोव्यात भाताची पहिली कणसे ऑगस्टमध्ये चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करण्याचा 'कणसांचें फेस्त' हा सण साजरा होतो. हिंदू घरांत नवान्नाच्या वेळी दारावर भाताच्या लोंब्या बांधल्या जातात, त्याच्याशी त्याचे नाते उघड आहे. कष्ट शेतकऱ्याचे असले तरी पीक ही प्रथम देणगी आहे आणि नंतर उत्पन्न, हा दोन्हींमागील समान भाव होय. टिळकांना मराठी वाचक 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या कवितेतील जखमी पक्षिणी पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांना परिचित आहे. फुले आणि मुले हे दोन विषय एकाच कवीला जिव्हाळ्याचे वाटावेत, यात निर्माता आणि पिता या दोन नावांचे एकत्र येणे दिसते.

या श्रद्धेला सार्वजनिक कृतीचे रूप देण्याचे अलीकडील ठळक उदाहरण म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४). 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते परिचित आहेत. वसईच्या बागायती पट्ट्यावर बांधकामाचे आक्रमण सुरू झाले, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून आंदोलनाचे नेतृत्व केले. हा लढा केवळ बाहेरून येणाऱ्या व्यावसायिकांविरुद्धचा नव्हता. स्वतःची वाडी राखावी की विकावी, हा प्रश्न तेथील प्रत्येक शेतकरी कुटुंबापुढे होता. रविवारी ज्याला निर्माता म्हणायचे, त्याच्या निर्मितीचा सोमवारी सौदा करायचा का, असा तो पेच होता.

सिंधुदुर्गापुढील पेच याहून वेगळा नाही. सावंतवाडी–दोडामार्ग हा सह्याद्रीतील वन्यजीवांचा महत्त्वाचा भ्रमणमार्ग आहे. कळणे येथील खाणीला स्थानिकांनी केलेला विरोध, लागवडीसाठी झालेली जंगलतोड आणि या पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली घातलेली बंदी या घटना येथील वाचकांना ज्ञात आहेत. या प्रश्नांकडे कायदा, रोजगार व पर्यावरण या अंगांनी पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या समाजाच्या श्रद्धेचे पहिलेच कलम सृष्टीच्या निर्मात्याविषयी आहे, त्याच्यासाठी हा श्रद्धेचाही प्रश्न ठरतो. देवराई राखणाऱ्या हिंदू गावकऱ्याशी त्याचा या मुद्द्यावर संवाद होऊ शकतो. देवराईत वृक्ष देवाचा म्हणून राखला जातो, ख्रिस्ती विचारात तो देवाने निर्मिला म्हणून राखायचा असतो. तत्त्वज्ञान भिन्न असले तरी कुऱ्हाड दोघांनीही खाली ठेवायची आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) 'पिता' आणि 'निर्माता' ही परमेश्वराची केवळ विशेषणे नसून ती श्रद्धावंताच्या कर्तव्याची सूत्रे आहेत. पहिल्यातून बंधुत्व, तर दुसऱ्यातून विश्वस्तवृत्ती निष्पन्न होते.

(२) ही दोन सूत्रे परस्परांपासून तोडता येत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांनी निर्मातेपणाच्या विचारातून जातिभेद नाकारला, तर वसईतील पाण्याच्या व जमिनीच्या लढ्यातून पुढील पिढ्यांशी असलेले बंधुत्व जपले गेले.

(३) ख्रिस्ती समाजातील जातिगट, भाषेची गळचेपी आणि पितृप्रतिमेचा धाकासाठी झालेला वापर हे या श्रद्धेचे परिणाम नसून तिच्या आचरणातील अपयश होय. या अपयशाची चिकित्सा करण्याचे निकष त्याच श्रद्धेच्या पहिल्या कलमात उपलब्ध आहेत.

(४) मराठी ख्रिस्ती लेखकांचा अभ्यास करताना धर्मांतराच्या घटनेपेक्षा धर्मांतरानंतरच्या आचरणाकडे अधिक लक्ष दिल्यास त्यांच्या साहित्याचा व कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र व पर्यावरण या चारही विषयांच्या अध्यापनास त्याचा उपयोग होऊ शकेल.

श्रद्धांगीकाराचे पहिले कलम उच्चारण्यास काही क्षण पुरतात. शेजारच्या वाड्यातील माणसाच्या हातचे पाणी घेताना आणि वडिलोपार्जित वाडीच्या खरेदीखतावर सही करण्यापूर्वी ते आठवणे यासाठी मात्र संपूर्ण आयुष्याची साधना लागते. श्रद्धा जगणे ती हीच.